काळ्या मानेचा कोंबडा

खैरटोला, ३ मार्च २०२४

त्या सकाळी सडा टाकून झाल्यावर मी खुराड्याची फळी काढली. कोंबड्या नेहमीसारख्या एकमेकींना ढकलत बाहेर आल्या. त्यांना मूठभर तांदळाची कनकी फेकली. चूल पेटवली, पाणी ठेवलं. रात्रीचा भात उरला होता तो पाण्यात भिजवून तुझ्या बाबूजींसाठी झाकून ठेवला, कारण जंगलाच्या गेटवर पाहुण्यांच्या गाड्या लवकर लागतात आणि त्यांना गरम खायला वेळ नसे. थंडी होती. तू मागच्या दाराने आलास. हातात पिशवी होती. मी विचारलं, "चहा ठेवू?" तू म्हणालास, "ठेव." पाणी उकळायच्या आत बाबूजी पुढच्या दाराने आले आणि त्यांच्या मागे वनखात्याचा बीटगार्ड वीरेंद्र होता.

चहा मी तरीही केला. चौघांसाठी. कोणी प्यायला नाही. नंतर राखेत ओतला.

धनेंद्र, तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. भिलाईचा पत्ता ओमेश्वरने दिला. तो देत नव्हता, मी त्याच्या दारात बसून राहिले तेव्हा दिला. तुझा चुलतभाऊ आहे, त्याच्यावर रागावू नकोस.

त्या पिशवीत दोन रानकोंबडे होते, मान मुरगळलेले. नव्या वर्षाला धाब्यावर येणाऱ्या पाहुण्यांना जंगली खायचं असतं हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तू फास कुठे लावत होतास हे मात्र फक्त तुझ्या बाबूजींना कळलं, कारण तेच रोज त्या रानात फिरत होते. तू त्यांच्याकडे बघून म्हणालास, "मले धरून देता?" ते म्हणाले, "मी गाईड आहो, धनू." त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत. तू जामिनावर सुटलास तो सरळ भिलाईला गेलास. ते पुढच्या भादव्यात गेले. मलेरिया डोक्यात चढला होता. तू तेरवीला आला नाहीस.

का आला नाहीस हे मी विचारत नाही. मला हल्ली काही विचारावंसं वाटत नाही. जेवायची वेळ झाली की जेवते. कोणी बोललं तर उत्तर देते. रामबाई काकू म्हणते, "रड ना वो एकदा मोठ्यानं, मोकळी होशील." मी म्हटलं, येईल तेव्हा रडीन. आलं नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. परवा हैदराबादच्या प्रयोगशाळेतून एक मुलगी आली होती, हर्षा. तुझ्या केसमधल्या कोंबड्यांची पिसं आणि मांस तिकडे तपासायला गेलं आहे. तुझ्या वकिलाने कोर्टात म्हटलं की ते रानकोंबडे नव्हतेच, गावातल्या सुटलेल्या कोंबड्या होत्या. बाबूजींनी मरायच्या आधी जबाब दिला आहे की ते जंगली होते. आता ते खोटं की खरं हे रक्तावरून ठरणार आहे. त्यासाठी गावातल्या कोंबड्यांचं रक्तही लागतं, नाहीतर तुलना कशाशी करणार. म्हणून ती घरोघर फिरत होती. पंखाखालची शीर टोचायची, एक थेंब कागदावर घ्यायचा, कोंबडी सोडून द्यायची.

रामबाई काकूने तिला अडवलं. "कायले टोचून राहिली वो पोरी? बिमारी आली का?"

"नाही मावशी. यांचे आईबाप शोधायचे आहेत."

"कोंबडीचा बाप?" काकू पदर तोंडाला लावून हसली. "कोंबड्यायचाच शोध, बाई. माणसायचा नको शोधू. चावडीत रोज पंचायत बसंल."

हर्षाही हसली. मग ती आपल्या ओसरीवर बसली. बाबूजींचा फोटो बघून तिने विचारलं नाही की हे कोण. तिला माहीत असणार, जबाब तिने वाचला असेल. मी तिला चहा दिला आणि विचारलं, कोंबडी मुळात आली कुठून? मी चौथी शिकले हे तुला माहीत आहे. पण गाईडच्या शिबिरात मिळालेली पुस्तकं बाबूजींना मीच वाचून दाखवत असे आणि मधेच ते म्हणत, "हे बराबर आहे," किंवा "हे लिहिणाऱ्यानं जंगल पाह्यलं नाही." कोंबडीबद्दल त्या पुस्तकांत काही नव्हतं. कोंबडी घरचीच, तिच्याबद्दल कोण लिहील.

ती म्हणाली, जगातली प्रत्येक कोंबडी रानकोंबड्यापासून आली. लाल रानकोंबडा, आपल्या रानात असतो तोच. पण माणसाळला तो इथे नाही, पूर्वेकडे, ब्रह्मदेश आणि थायलंडच्या बाजूला. कधी, यावर एकमत नाही. रक्त तपासणारे फार जुना काळ सांगतात. हाडं तपासणारे म्हणतात एवढं जुनं नाही, माणसं धान पेरू लागली, बांधात दाणे सांडू लागले, तेव्हा रानकोंबडे दाणे टिपायला आले आणि राहिले. मला हे दुसरं पटलं. आपल्या बांधावर मी ते रोज बघते.

मग तिने आपल्या तांबड्या कोंबडीचा पाय धरून दाखवला. हा पिवळा रंग त्या लाल रानकोंबड्याचा नाही म्हणे. त्याचे पाय राखेसारखे. पिवळा रंग आला दक्षिणेकडच्या करड्या रानकोंबड्याकडून, ती जातच वेगळी. कधीतरी कुठेतरी दोन जाती एकत्र आल्या आणि पाय पिवळे झाले, आणि आता जगात बहुतेक कोंबड्या तसे पाय घेऊन फिरतात. मी त्या कोंबडीला इतकी वर्षं दाणे टाकले, तिचे पाय कधी नीट पाहिले नव्हते.

निकाल काय येईल हे तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. जंगली निघाले तर तू आत जाशील. जंगली नाही निघाले तर तुझे बाबूजी मेल्यावर खोटे ठरतील. मला दोन्हीकडे सारखंच वाटलं. म्हणजे काही वाटलं नाही.

तब्येतीला जप.

तुझी माय


खैरटोला, १९ जुलै २०२४

धनेंद्र,

तारखेला तू गोंदियाला येतोस आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातोस, हे मला कळतं. गेल्या तारखेला मी आले होते. कोर्टाच्या बाहेर पानठेल्याजवळ उभी होते. तू मला पाहिलंस. मग तू मोबाईल काढून बघत राहिलास. मी एसटीने परत आले. वाळलास, एवढंच लिहिते.

प्रयोगशाळेचा कागद आला आहे. वकिलाने तुला सांगितलंच असेल, पण त्याने तुला काय सांगितलं हे मला माहीत नाही, म्हणून मला कळलं ते लिहिते. दोन्ही कोंबड्यांची आई रानातली. ती आईकडून मुलाला जाणारी खूण वेगळी काढता येते, ती अगदी चोख निघाली. पण बाकीच्या रक्तात गाव आहे. बाप नाहीतर आजा गावातला कोंबडा. त्यामुळे त्यांना रानकोंबडे म्हणता येत नाही आणि गावठीही म्हणता येत नाही. कागदावर "संमिश्र" असा शब्द आहे.

हर्षा पुन्हा आली होती. ह्या वेळी टोचायला नाही, सांगायला. समाजभवनात माणसं गोळा केली. ती म्हणाली, आपल्या वाघदेवाच्या ठाण्याच्या आसपासच्या रानात तिला हेच सापडतं आहे. आत, नागझिऱ्याकडे जावं तसं रक्त स्वच्छ होत जातं. वाघदेवाजवळच का, असं तिने विचारलं. सगळ्यांना माहीत होतं.

तुलाही माहीत आहे. दुसऱ्या गावांत नवसाचा कोंबडा कापतात. आपल्या वाघदेवाला कापलेला चालत नाही, जिवंत सोडावा लागतो. रानात तोंड करून सोडायचा आणि मागे वळून बघायचं नाही. आजोबा-पणजोबांपासून हेच. आपण समजत होतो की वाघ खातो. काही खाल्ले असतील. काही राहिले, आणि रानातल्या कोंबड्यांबरोबर राहिले.

हर्षा म्हणाली की आता सोडू नका, शहराजवळ तर चोख रानकोंबडा उरलाच नाही, इथे अजून आहे. पुजारी केशोराव उईके मागे बसले होते. ते उठून म्हणाले, "मंग देवाले काय कोंबड्याचा फोटो देऊ?"

सगळे हसले. हर्षा म्हणाली, "काका, देवाला चालत असेल तर मला चालेल."

"देवाले इचारून सांगतो," केशोराव म्हणाले आणि बसले. त्यांनी विचारलं की नाही, माहीत नाही. लोक ऐकून घरी गेले.

पण जाताना तिने एक गोष्ट विचारली, त्यासाठी हे पत्र. ती म्हणाली, पावसाळ्यात वाघदेवाजवळ काळ्या मानेचा कोंबडा कोणी पाहतं का? चोख रानकोंबडा आखाडात मानेची सोनेरी पिसं टाकतो, त्या जागी बारीक काळी येतात, पाऊस संपला की परत सोनेरी. गावठी रक्त मिसळलं की ते बंद होतं, तो बारा महिने सोनेरीच राहतो.

मी तिला सांगितलं, पूर्वी दिसायचा, आता नाही.

तुला आठवतं, तू घरी होतास त्या शेवटच्या दोन पावसाळ्यांत बाबूजी किती चिडचिड करत होते? गेट बंद, घरी बसून. ते वाघदेवापर्यंत जाऊन येत आणि म्हणत, "काळ्या मानीचा दिसत नाही वो. माझे डोळे गेले." मी म्हणायची, झाडी दाट आहे, लपत असेल. ते म्हणायचे, पंचवीस वर्षं दिसला तो आता लपते? मग मी त्यांना गोंदियाला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. चष्मा झाला. चष्म्यानेही दिसला नाही. ते गेटवर पाहुण्यांना पक्षी दाखवताना आधी दुसऱ्या गाईडकडे बघू लागले, तो हो म्हणाला की मग बोट दाखवत. म्हातारा झालो म्हणाले. पन्नाशी नुकतीच झाली होती.

त्यांचे डोळे चांगले होते. तिथे काळी मान उरलीच नव्हती.

हे मला त्यांना सांगता येणार नाही. म्हणून तुला सांगितलं.

आणखी एक. दवाखान्यात शुद्ध येत-जात होती तेव्हा ते एकदा अगदी नीट बोलले. म्हणाले, "धनू सुटला तं वाघदेवाले कोंबडा सोडजो." मी म्हटलं, "तुमीच तं धरून देलं." ते म्हणाले, "धरून देलं ते येगळं. सुटावा असं मले वाटत नाही का?" मी हो म्हटलं. त्यावर ते झोपले.

ओमेश्वरला मी हे सांगितलं आहे. तो तुला सांगेल तेव्हा तू खोटं समजशील, म्हणून मीही लिहिते.

धानाची रोवणी चालू आहे. ओमेश्वरने आपल्या बांधीची केली. माझ्या जेवणाची काळजी करू नकोस, तू करत असशील तर.

माय


खैरटोला, २ नोव्हेंबर २०२५

धनेंद्र,

तू सुटलास हे ओमेश्वरने फोनवर कळवलं तेव्हा मी धान बघायला बांधीत होते. मी म्हटलं, बरं झालं. तो म्हणाला, "काकी, ऐकलं का? सुटला." मी परत म्हटलं, बरं झालं. तो चिडला असेल. मला वाटलं होतं त्या वेळी तरी काहीतरी होईल आत. धान चांगलं भरलं होतं तेवढं दिसलं.

तुझं कार्ड आलं. जवळजवळ तीन वर्षांत तुझी पहिली अक्षरं. मी ते पाठ होईपर्यंत वाचलं, चार ओळी आहेत म्हणून. "केस संपली. बाबूजीनं माझ्यासाठी नवस बोलला हे खरं असेल तर तो फेड. कोंबडा सोडल्याचा फोटो ओमेश्वरला पाठवायला सांग. मग घरी येतो. नाही फेडला तर मी समजेन का तू त्यायच्या नावानं मले गोड बोलून राहिली."

खरं आहे. दुसरं काय लिहू. मेलेल्या माणसाचा शब्द मी तुझ्यासमोर कसा ठेवणार?

कोंबडा आहे. त्याच तांबड्या कोंबडीचा, पिवळ्या पायांचा. मागच्या वर्षीच राखून ठेवला होता. मी फेडणार नाही असं माझ्या मनात कधी नव्हतं. मग तुझं कार्ड आलं आणि आता रोज त्याला डालग्याखाली झाकते आणि रोज काढते.

तू सुटलास तो कशामुळे, हे तुला कळतं ना? कोणाच्या तरी नवसाच्या कोंबड्यामुळे. कोणीतरी कधीतरी लेकराच्या तापासाठी, गाईच्या वेतासाठी एक कोंबडा रानात सोडला, तो जगला, त्याचं रक्त तुझ्या पिशवीत निघालं. म्हणून कोर्टातल्या साहेबांना जंगली म्हणता आलं नाही. मी हे केशोरावांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग देवानं तं आधीच काम केलं. आता तू उधार ठेवतं का?"

रामबाई काकूही रोज येते. "सोड ना वो, एका कोंबड्यानं काय जंगल बुडते? पोरगा येऊन राहिला अन् तू मुर्ग्यायची जात पाहून राहिली."

मी हर्षाला फोन लावला. तिचा नंबर अजून तोच आहे. मी विचारलं, एका कोंबड्याने काय होईल? ती म्हणाली, "काकू, एकाने काय होईल ते मला सांगता येत नाही. पण प्रत्येक जण एकच सोडतो." मग म्हणाली, "तुम्ही सोडलात तरी मी काही म्हणणार नाही." मी म्हटलं, तुझ्या म्हणण्याचा प्रश्न नाही, बाई.

प्रश्न हा आहे की तुझ्या बाबूजींची दोन म्हणणी माझ्याकडे आहेत. एक, कोंबडा सोडजो. दुसरं, काळ्या मानीचा दिसत नाही. पहिलं बोलले तेव्हा त्यांना दुसऱ्याचं कारण माहीत नव्हतं. माहीत असतं तर काय म्हणाले असते, हे मी ठरवायचं. आणि तू तिकडे फोटोची वाट बघतोस.

त्या सकाळी ते वीरेंद्रला घेऊन आले, त्यानंतर मी त्यांच्याशी खूप दिवस बोलले नाही. भात वाढायची, बोलायची नाही. आपल्या लेकरापेक्षा पाखरू मोठं आहे का, हे मी त्यांना एकदाच विचारलं. त्यांनी ताटातून मान वर केली नाही. म्हणाले, "मोठं नाही. पण त्यायच्याकडून बोलाले कोणी नाही." मला तेव्हा ते उत्तर वाटलं नव्हतं. आताही पूर्ण वाटत नाही.

थोडे दिवस थांब. कापणी होऊ दे.

माय


२३ नोव्हेंबर २०२५, रविवार, गाडीत

धनेंद्र,

हे टपालात टाकणार नाही. तू दार उघडलंस तर हातात देईन. अक्षर हललं तर गाडीचा दोष. सालेकसा मागे गेलं, आता झाडीच आहे बाहेर.

काल आम्ही वाघदेवाला गेलो. मी, ओमेश्वर, रामबाई काकू आणि केशोराव. कोंबडा मी डालग्यात नेला. केशोरावांनी शेंदूर लावला, उदबत्ती लावली, कोंबड्याच्या डोक्यावर चिमूटभर तांदूळ टाकले. त्याने ते झटकले, म्हणजे देवाने मान्य केलं. ओमेश्वर मोबाईल धरून समोर गेला. म्हणाला, "काकी, इकडं पाहा. हसा म्हणत नाही, पण जरा चांगल्या दिसा. धनूले पाठवाचा आहे."

मी कोंबडा दोन्ही हातांत धरून रानाकडे तोंड केलं. त्याचं काळीज हाताला लागत होतं. केशोराव म्हणाले, "सोड."

मी सोडला नाही.

"हात आखडला का?" काकूने विचारलं.

"नाही."

"मंग?"

मी म्हटलं, घरी चला. केशोराव म्हणाले, "देवासमोरून वापस नेते का कोणी? बाई, तुझं डोकं ठिकाणावर हाये का?" ओमेश्वरने मोबाईल खाली केला. तो म्हणाला, "काकी, एक फोटो तं काढू द्या. सोडल्यासारखं करा, मंग धरून घेऊ." त्याचा हेतू चांगला होता. मी म्हटलं, तुझ्या काकाच्या नावाने खोटा फोटो नको. ते सगळे माझ्या मागे बोलत चालत होते. काकू म्हणाली, "लेकरू येऊन राहिलं होतं, हिनं अडवलं." ते मी ऐकलं. ती खरं बोलत होती.

घरी येऊन कोंबडा डालग्याखाली झाकला. ओमेश्वर जेवायच्या वेळी परत आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "मी धनूले काय सांगू?"

मी म्हटलं, काही सांगू नको. मी जाते.

"भिलाईले? तो दारात उभी नाही करन तुमाले."

"नाही करन तं दाराबाहेर बसीन. तुझ्याही दारात बसलीच होती."

तो हसला नाही, पण आत आला आणि पाटावर बसला. मी त्याला भात वाढला. जेवता जेवता तो म्हणाला, "तुमी अन् काका एकसारखेच." चिडून म्हणाला. मी त्याला अजून थोडं वरण वाढलं.

हे तूही म्हणशील. म्हणून आधीच लिहून ठेवते. तुझे बाबूजी तुझ्यापेक्षा पाखरांकडे गेले असं तू समजतोस, आणि आता मीही गेले असं समजशील. मी तुला पटवायला येत नाही. मला एवढंच सांगायचं आहे की नवस त्यांनी बोलला होता, त्यांच्या तोंडून, मलेरियाच्या तापात, आणि त्यात तुझं नाव होतं. तो जसा बोलला तसा मी फेडला नाही. तो मोडला तो मी मोडला, त्यांनी नाही. देवाला काही घ्यायचं असेल तर माझ्याकडून घेईल, तुझ्याकडून नाही, असं मी त्याला सांगितलं आहे. देवाशी असं बोलतात की नाही, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, उजाडताना मी कोंबडा घेऊन एकटी वाघदेवाकडे निघाले, कोंबडा देवाला द्यायचा पण रानाला नाही असं ठरवून. केशोराव वाटेत शेण गोळा करत होते, ते मागे आले. म्हणाले, "आपल्या देवाले कापत नाही. अन् बाईनं तं कापतच नाही." मी म्हटलं, "मंग तुमी तिकडं तोंड करून बसा." ते खरंच पाठ करून बसले. मी विळ्याने कोंबडा कापला. एका घावात झालं नाही, दोन लागले. रक्त देवाच्या दगडावर सोडलं, पिसं गोळा करून पदरात बांधली, रानात एकही ठेवलं नाही. घरी येऊन रस्सा केला, तिखट जरा जास्त टाकलं. केशोरावांना वाटीभर दिला. रामबाई काकूच्या घरी भांडं पाठवलं, तिने परत पाठवलं नाही. उरलेला तुझ्यासाठी डब्यात भरला, घराला कुलूप लावलं आणि गोंदियाहून भिलाईच्या गाडीत बसले.